सगळ्या नोटांवर एकच माणूस! हा बॉस्कोविच कोण?

नोटांवाला
नमस्कार मंडळी,

मला परदेशी नोटा जमवायचं खूळ आहे हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहेच. परवा एका ओळखीच्या संग्राहकाकडून क्रोएशियाच्या दिनारांचा अख्खा गठ्ठा हाती लागला. युगोस्लाव्हियातून बाहेर पडल्यावर १९९१ मध्ये काढलेल्या आणि १९९४ मध्ये कुना आल्यावर रद्दीत गेलेल्या नोटा. १ दिनारपासून थेट १ लाख दिनारपर्यंत. मधल्या दोन-तीन वर्षांत महागाई कशी उसळली असेल ते आकडेच सांगतात.

पण गंमत पुढेच आहे. सगळ्या नोटांवर चेहरा एकच. मागे कुठे झाग्रेबचं कॅथेड्रल, कुठे एक शिल्प. पुढे मात्र तोच माणूस आणि शेजारी भूमितीच्या आकृत्या. नाव रुजेर बॉस्कोविच. जन्म १७११, दुब्रॉव्हनिक (तेव्हाचं रागुझा). चौदाव्या वर्षी रोमला गेला, जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) झाला, १७४० पासून तिथल्या कोलेजिओ रोमानोत प्राध्यापक. १७५८ मध्ये व्हिएन्नात भौतिकशास्त्रावर मोठा लॅटिन ग्रंथ छापला.

मी बी.एस्सी. फिजिक्स आहे, १९८८ ची बॅच. तीन वर्षांत हे नाव एकदाही कानावर पडलं नाही. म्हणून दोन प्रश्न.
१. माणूस इतका मोठा होता तर आपल्या पुस्तकांत कसा नाही?
२. पोपच्या आज्ञेतला पाद्री न्यूटनचे सिद्धांत कसे काय शिकवत होता? गॅलिलिओचं काय झालं ते आपण शाळेपासून ऐकतोय.

तिरकस
आपल्याकडेही सगळ्या नोटांवर एकच माणूस आहे. त्याची चौकशी कधी केली नाहीत ती! (हलके घ्या)

कट्टेकरी
रुमाल टाकून ठेवतो. मास्तर येतीलच.

निवृत्त_मास्तर
आलो.

नोटांवाले, तुमचा दोष नाही. मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि मलाही हे नाव निवृत्तीनंतर भेटलं, तेही फॅरडेच्या ओळखीने. फॅरडेने १८४४ मध्ये वीजवहन आणि द्रव्याचं स्वरूप यावर एक लेख लिहिला. अणू म्हणजे बारीकशी घट्ट गोळी, ही कल्पना त्याला पटत नव्हती. त्यापेक्षा बॉस्कोविचची बलकेंद्रं बरी, असा त्याचा कौल आहे. म्हटलं, फॅरडे ज्याचं नाव घेतो तो आहे तरी कोण?

बॉस्कोविचचं म्हणणं कळायला त्याचंच उदाहरण घेऊ. एक चेंडू ६ च्या वेगाने चाललाय. मागून तेवढ्याच वजनाचा दुसरा १२ च्या वेगाने येतोय. दोन्ही अगदी टणक, जराही न दबणारे. धडकल्यावर दोघे मिळून ९ ने पुढे जातात, हे गणित तेव्हाही सगळ्यांना मान्य होतं. आता सांगा, १२ चे ९ झाले केव्हा? टेकेपर्यंत १२, टेकल्यावर ९. मधले अकरा, साडेदहा, दहा कुठे गेले? वेगाने उडी मारली?

निसर्ग उडी मारत नाही यावर बॉस्कोविचचा ठाम विश्वास. मग एकच वाट उरते. वेग बदलायला टेकण्याच्या *आधी* सुरुवात झाली पाहिजे. म्हणजे फार जवळ आल्यावर दोन वस्तू एकमेकींना ढकलत असणार, आणि अंतर शून्याकडे जाईल तसं हे ढकलणं बेसुमार वाढत असणार. याचा अर्थ, खराखुरा स्पर्श जगात कधी होतच नाही.

आणि जे कधी एकमेकांना टेकणारच नाही, त्याला आकार तरी कशाला हवा? म्हणून त्याचे मूळकण म्हणजे नुसते बिंदू. लांबी-रुंदी काही नाही. फक्त जागा, जडत्व आणि दुसऱ्या बिंदूंशी असलेलं बलाचं नातं. हे नातं तो एकाच वक्ररेषेने दाखवतो. लांबवर ती न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखी वागते, अगदी जवळ अपकर्षण, आणि मधल्या पट्ट्यात ती अक्षाच्या वर-खाली होत जाते, आंबेनळी घाटासारखी. जिथे ती अक्ष ओलांडते त्यातल्या काही जागी बिंदू स्थिरावतात. थोडे हलवले तरी परत तिथेच येतात. पदार्थ घट्ट का राहतो, याचं त्याचं उत्तर हे.

१७४५ च्या एका निबंधात याची सुरुवात आहे. पूर्ण ग्रंथ १७५८ चा, आणि १७६३ मध्ये व्हेनिसला सुधारित आवृत्ती निघाली.

मृण्मयी_क
मास्तर, सुंदर लिहिलंय. पण पुढचे प्रतिसाद कुठे जाणार ते दिसतंय म्हणून आधीच सांगते: "अडीचशे वर्षांपूर्वीच क्वांटम सांगितलं होतं" हे कृपया नको. आपल्याकडे पुराणातल्या विमानांचा एवढा स्टॉक आहे, त्यात क्रोएशियाची भर कशाला. त्या वक्राला किती वळणं, कुठे, किती उंच, यातलं काही तो सांगत नाही. एकही आकडा नाही. मोजता न येणाऱ्या रेषेत मागाहून सगळंच बसवता येतं.

निवृत्त_मास्तर
मृण्मयीताई, शंभर टक्के मान्य. क्वांटमचा 'क' मी काढलेला नाही. पण आकडा नाही म्हणून विचार फुकट, असंही नाही. अणू ही वस्तू नसून बलांचं जाळं आहे, असा विचार करायची मोकळीक त्याने पुढच्यांना दिली.

सिव्हिलवाला
फिजिक्सवाले अणूत अडकलेत तोवर मी घुमट बघून येतो.

आमच्या धंद्यात हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. रोमच्या सेंट पीटर्सचा घुमट तडकला होता. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ मध्ये तीन गणितज्ञांना बोलावलं: बॉस्कोविच, आणि ल स्यूर व जॅकिए हे दोघे फ्रेंच पाद्री. (हे दोघे जेझुइट नव्हेत, मिनिम पंथाचे.) तोवर असल्या कामाला अनुभवी मिस्त्री आणि वास्तुकार बोलवायची पद्धत. या तिघांनी भेगा मोजल्या, घुमट कुठे कुठे 'बिजागरीसारखा' उघडतोय त्याचं चित्र मांडलं, आणि तो जरासा आणखी सरकला तर कुठलं वजन किती खाली येईल आणि कुठली लोखंडी साखळी किती ताणली जाईल, याचा हिशेब केला. आज याला आभासी कार्याचं तत्त्व म्हणतात. एका खऱ्याखुऱ्या उभ्या इमारतीवर हे इतक्या लवकर कुणी वापरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

उत्तर आलं की बाहेर रेटणारा जोर आणि तो पेलणारी ताकद यांत तीस लाखांहून जास्त रोमन पौंडांची तूट आहे. लोकांनी टर उडवली. हिशेब खरा असता तर घुमट केव्हाच जमीनदोस्त झाला असता! शिवाय, मायकेलअँजेलोला कुठे गणित येत होतं, त्याने बांधला ना घुमट?

तूट जास्त धरली गेली हे खरंच. पण उपाय त्यांनी सांगितला तोच झाला. पादुआच्या पोलेनीच्या देखरेखीखाली १७४३-४४ मध्ये घुमटाला लोखंडी कडी ठोकली. पिंपाला पट्ट्या मारतात तशी. घुमट अजून उभा आहे.

तिरकस
म्हणजे कन्सल्टंटचा रिपोर्ट चुकीचा, उपाय बरोबर, आणि काम दुसऱ्याच एजन्सीला. काहीही बदललेलं नाही.

सिव्हिलवाला
तिरकसराव, आमच्या सोसायटीच्या गच्चीचं असंच झालं. फक्त तिथे उपायही चुकला.

डेटाभाऊ
एक मिनिट, हा *तो* बॉस्कोविच आहे?? मी आडनाव वाचून गप्प होतो, वाटलं दुसरा कोणी असेल.

आम्ही स्टॅटिस्टिक्सवाले त्याला एका सरळ रेषेमुळे ओळखतो. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे हा तेव्हाचा मोठा वाद. त्यासाठी वेगवेगळ्या अक्षांशांवर एक अंश म्हणजे जमिनीवर किती लांब ते मोजायचं. बॉस्कोविच आणि इंग्लिश जेझुइट क्रिस्टोफर मेअर या दोघांनी १७५० पासून दोनेक वर्षं रोम ते रिमिनी हे अंतर त्रिकोण पाडत पाडत मोजलं. डोंगर, दलदल, पाऊस. १७५५ मध्ये अहवाल आला.

मग त्याच्यासमोर पाच ठिकाणची मोजमापं: किटो, केप ऑफ गुड होप, रोम, पॅरिस, लॅपलंड. पाचही एका रेषेत बसत नाहीत. कुठली जोडी घ्याल त्यावर पृथ्वीचा चपटेपणा बदलतो! मग खरा कुठला?

त्याने दोन अटी घातल्या. रेषेच्या वरच्या चुकांची बेरीज खालच्या चुकांच्या बेरजेइतकी हवी. आणि चुकांची बेरीज, चिन्ह सोडून, कमीत कमी हवी. झालं. हा १७५७ चा विचार. लजांद्रचे 'लघुतम वर्ग' (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची रीत) आले १८०५ मध्ये. म्हणजे आपण कॉलेजात जी रीत आधी शिकतो ती जवळजवळ पन्नास वर्षांनी धाकटी.

माझा रोजचा अनुभव: सामान पोचायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचं काम करतो. एक ट्रक कसारा घाटात अकरा तास अडकला की वर्गवाली रीत सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेते. कारण अकराचा वर्ग! चिन्ह सोडून बेरीज करणारी रीत असल्या एखाद्या अडकलेल्या ट्रकला फार भाव देत नाही. मी हे वापरतो आणि बॉसला "मॉडर्न रोबस्ट पद्धत" म्हणून सांगतो. आता कळलं किती मॉडर्न ते.

कट्टेकरी
डेटाभाऊ, बॉसला लिंक पाठवू का धाग्याची?

डेटाभाऊ
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करायला लावू नका.

हिंगणघाटकर
मी इथे वाचनमात्र असतो, पण अंश मोजायचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या गावात असाच एक मोजणारा झोपलाय. विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्याने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्धा टन वजनाचं त्याचं थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना आपटलं, तर म्हाताऱ्याने स्वतः बसून ते सरळ केलं. कन्याकुमारीकडून निघून वर वर सरकत तो १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला पोचला आणि इथेच गेला. त्याची कबर आहे आमच्याकडे. शाळेत असताना त्या बाजूला चिंचा पाडायला जायचो, कोणाची आहे ते कोणी सांगितलं नव्हतं.

आता यात बॉस्कोविच कुठे आला? सांगतो. लॅम्बटनच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टने तीच मोजणी उत्तरेला नेली. कल्याणपूर आणि हिमालयाजवळचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर जमिनीवरून मोजलेलं आणि ताऱ्यांवरून काढलेलं जुळेना. फरक ५.२ सेकंदांचा. (कोनाचे सेकंद, घड्याळाचे नव्हे.) कलकत्त्याचा आर्चडीकन प्रॅट, हासुद्धा पाद्रीच बघा, म्हणाला की हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतोय. पण गणित केलं तर ओढ निघाली १५.९ सेकंदांची. म्हणजे एवढा थोरला हिमालय, पण ओढतो मात्र तिसरा हिस्सा! यातूनच पुढे डोंगराखाली हलकं द्रव्य असतं, वरचा भार खाली भरून निघतो, हा सिद्धांत आला. साल १८५५.

आणि बॉस्कोविचने १७५५ च्या त्याच रोम-रिमिनी अहवालात लिहून ठेवलंय की डोंगर बहुधा खालच्या उष्णतेने फुगून वर आलेत, म्हणून त्यांच्याखाली पोकळी किंवा विरळपणा असणार, आणि वरचं जास्तीचं द्रव्य त्याने भरून निघतं. 'भरून निघणं' हा शब्दही त्याचाच. बरोबर शंभर वर्षं आधी.

मृण्मयी_क
हिंगणघाटकर, वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा! आणि हे मी बिनशर्त मान्य करते. यामागे मोजलेले आकडे आहेत. मला अणूच्या वक्रापेक्षा हाच बॉस्कोविच आवडला, पावसात त्रिकोण मोजत हिंडणारा.

निवृत्त_मास्तर
+१. लॅम्बटनची कबर बघायला येणार. चिंचांचा हंगाम कळवा.

शंकेखोर
धाग्याचा दुसरा प्रश्न सगळे विसरलेत. पृथ्वी फिरते हे मानायचं की नाही? त्याशिवाय न्यूटन शिकवायचा कसा?

गोंयकार
शंकेखोर, पाद्री मंडळींकडे याला जुना रस्ता होता. 'समजा, पृथ्वी फिरते.' हिशेबापुरतं समजायचं, खरं म्हणायचं नाही. वर ल स्यूर आणि जॅकिए यांचं नाव आलंय. त्यांनी न्यूटनच्या प्रिन्सिपियाची टीपांसहित आवृत्ती काढली, आणि तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला जाहीर केलं की ग्रंथकाराची गृहीतकं धरल्याशिवाय हे समजावता येत नाही, पण आम्ही पोपच्या हुकमांना बांधील आहोत. पुढे अख्खं पुस्तक पृथ्वी फिरवत बसले!

बॉस्कोविचही १७४६ मध्ये धूमकेतूंवर लिहिताना असाच तोलून मापून चालतो. नंतर पोप बेनेडिक्टच्याच काळात हवा बदलली. १७५८ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून 'पृथ्वी फिरते असं शिकवणारी सगळी पुस्तकं' हे सरसकट कलम गेलं. गॅलिलिओचं पुस्तक मात्र नावानिशी १८३५ पर्यंत यादीतून सुटलं नाही. म्हणजे दार उघडलं, पण ज्याने पहिल्यांदा ठोठावलं त्याला बाहेरच ठेवलं.

शंकेखोर
धन्यवाद. पण मग हा माणूस प्रामाणिक की चलाख?

गोंयकार
दोन्ही. गोव्यात जन्मलो असतो त्या काळात, तर मीही 'समजा' म्हटलं असतं.

पुणेरी_पगडी
मूळ लेखात दुरुस्ती: बॉस्कोविच 'भौतिकशास्त्राचा' प्राध्यापक नव्हता. कोलेजिओ रोमानोत त्याचं आसन गणिताचं. भौतिकशास्त्र तिथे तत्त्वज्ञानाचा भाग, आणि ते आसन वेगळं. जेझुइटांत खरेखुरे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पाहायचे तर ग्राझचा लेओपोल्ड बिवाल्ड, ज्याने आपल्या लॅटिन पाठ्यपुस्तकातून बॉस्कोविचचा सिद्धांत वर्गात नेला, किंवा व्हिएन्नाचा कार्ल शेर्फर.

नोटांवाला
पगडीराव, मी 'प्राध्यापक' एवढंच लिहिलंय. परत वाचा. :)

पुणेरी_पगडी
वाचलं. लिहायला हवं होतं असं माझं म्हणणं.

गोंयकार
आता जरा अवांतर. आमच्याकडे फादर स्टीफन्सचं नाव सगळे घेतात, मराठीतून पुराण लिहिणारे. पण आकाश मोजणारे जेझुइट कोणी आठवत नाही. सवाई जयसिंगाने गोव्यातून फादर फिगेरेदो यांना बरोबर देऊन माणसं लिस्बनला पाठवली. ती फ्रेंच खगोलज्ञ ला इरच्या खगोलसारण्या घेऊन परत आली. राजाने ताडून पाहिल्या तर चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक! मग १७३४ मध्ये चंद्रनगरहून बुदिए आणि पॉन्स हे फ्रेंच जेझुइट जयपूरला गेले, वाटेत गावांचे अक्षांश-रेखांश नोंदवत. टिरोलचा टिफेनथालर १७४३ मध्ये गोव्याला उतरला तोही जयपूरच्या वेधशाळेसाठी. पण त्याच वर्षी जयसिंग वारला. मग हा गडी चाळीस वर्षं उत्तर हिंदुस्थान पायाखाली घालत राहिला, नकाशे काढले, आणि १७८५ मध्ये लखनऊला गेला.

मधल्या काळात काय झालं? पोर्तुगालचा कारभारी पोंबाल याने १७५९ मध्ये जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकललं. गोव्यातलेही धरले आणि जहाजात घातले. त्यांची मालमत्ता सरकारजमा. पुढे फ्रान्स, स्पेन, आणि २१ जुलै १७७३ ला खुद्द पोप चौदाव्या क्लेमेंटने अख्खा संघच बरखास्त केला. बॉस्कोविच तेव्हा बासष्ट वर्षांचा.

तिरकस
पोपने पोपचीच फौज बरखास्त केली? हे आमच्या पक्षात रोज होतं.

अपर्णा_झाग्रेब
मी नवऱ्याच्या कामामुळे चार वर्षं झाग्रेबला होते. तिथली मोठी संशोधन संस्था याच्याच नावाने आहे, १९५० मध्ये स्थापन झालेली, आम्ही तिच्यापासून जवळच राहायचो. बसमध्ये शेजारी एक आजी बसायच्या. एकदा मी सहज म्हटलं, "बॉस्कोविच इटालियन होता ना?" आजी पुढचे आठ दिवस बोलल्या नाहीत.

मग कळलं की हा मोठाच मामला आहे. वडील निकोला हर्झेगोविनातल्या ओराहोव्ह दो गावचे, रागुझात येऊन व्यापारी झालेले. आईचं घराणं मूळ इटलीतल्या बर्गामोचं. आयुष्य गेलं रोम, पाविया, मिलान, पॅरिसला. ग्रंथ लॅटिनमध्ये. क्रोएशिया म्हणतो आमचा, सर्बिया म्हणतो वडिलांचं मूळ आमचं, इटली म्हणते घडवला आम्ही. त्याला कोणी इटालियन म्हटलं तेव्हा त्याने स्वतः लिहून ठेवलंय की मी रागुझाचा, दाल्मेशियन. आणि नीत्शेने तर त्याला कोपर्निकसच्या पंगतीला बसवून चक्क पोलिश करून टाकलं!

बहीण अनित्सा दुब्रॉव्हनिकलाच राहिली. कविता करायची. भावाचा आणि तिचा पत्रव्यवहार आयुष्यभर चालला. मला नोटेवर तीही चालली असती.

कट्टेकरी
बेळगावचा धागा होतोय. संपादक लक्ष ठेवा.

निवृत्त_मास्तर
एक राहिलं. लाप्लासचा तो प्रसिद्ध 'सर्वज्ञ' आठवतो का? ज्याला सगळ्या कणांची जागा, वेग आणि बलं माहीत आहेत त्याला सगळं भविष्य दिसेल, हे १८१४ चं. तेच बॉस्कोविच १७५८ मध्ये म्हणतो. वर, माणसाच्या बुद्धीला हे झेपणार नाही आणि आत्म्याची इच्छाशक्ती यात धरलेली नाही, असं कुंपणही घालतो. पाद्रीच शेवटी.

आणि हे कुंपण कोणी तोडलं? इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टलीने. तो म्हणाला, द्रव्य जर टणक गोळी नसून नुसती बलंच असतील, तर द्रव्य आणि आत्मा यांत फरक तो काय राहिला? म्हणजे वेगळा आत्मा नकोच! आणि आधार कोणाचा, तर बॉस्कोविचचा. म्हातारा भयंकर चिडला, प्रीस्टलीला खरमरीत पत्र पाठवलं.

मृण्मयी_क
हा प्रसंग माहीत नव्हता. बिचारा!

डेटाभाऊ
आणि शुक्राचं अधिक्रमण? १७६१ चं. लंडनला रॉयल सोसायटीच्या लोकांना मोहिमा काढा म्हणून पटवलं, स्वतः कॉन्स्टँटिनोपलला निघाला, आणि पोचेपर्यंत शुक्र सूर्यावरून कधीच पार झाला होता.

तिरकस
लेट-लतीफ जेझुइट. आमच्या पाँडिचेरीला आलेल्या फ्रेंच खगोलज्ञ ल जांतीलपेक्षा बराच म्हणायचा. तो तर दोनदा हुकला. एकदा गाव इंग्रजांनी घेतलं म्हणून, दुसऱ्यांदा ढग आले म्हणून.

नोटांवाला
मंडळी, धागा लावला तेव्हा वाटलं होतं चार प्रतिसाद येतील. चार दिवस हेच वाचतोय. बायको म्हणते, नोटा परवडल्या.

आता पहिल्या प्रश्नाकडे. पुस्तकांत का नाही? तुमच्या प्रतिसादांवरून माझं मत असं झालंय की जेझुइट होता म्हणून नव्हे, आणि कोणी डाव करून गाळला म्हणूनही नव्हे. त्याचा स्वतःचा हट्ट नडला. युरोपात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) जोरात असताना हा भूमितीच्या आकृत्यांनी मांडत राहिला. नोटेवरच्या आकृत्या परत बघितल्या तेव्हा हे डोक्यात आलं. पॅरिसला गेल्यावर द'अलाँबेर आणि तरुण लाप्लासशी धूमकेतूंच्या कक्षा काढायच्या रीतीवरून जुंपली ती त्याचमुळे. पुढची पिढी लाप्लासची पुस्तकं वाचून शिकली. आणि एकही नियम, एकही एकक त्याच्या नावाचं नाही. न्यूटन, कुलोम, व्होल्टा कसे दर पानावर भेटतात.

पुणेरी_पगडी
अर्धवट बरोबर. ज्यांनी त्याला शिकवलं असतं त्या शाळाच १७७३ नंतर राहिल्या नाहीत, हे विसरू नका. बिवाल्ड, शेर्फर यांच्यामागे पुस्तक पुढे नेणारं कोणी उरलं नाही. संघाचं जाळं तुटलं की त्यातला माणूस पडणारच. 'जेझुइट होता म्हणून नव्हे' हे तुमचं वाक्य म्हणून मला मान्य नाही.

नोटांवाला
हा मुद्दा घेतला, पगडीराव. यावेळी बरोबर वाचलंत.

अपर्णा_झाग्रेब
शेवट कसा झाला कोणी लिहिलं नाही. संघ गेल्यावर तो पॅरिसला गेला. राजाने नागरिकत्व दिलं, आरमारासाठी प्रकाशशास्त्राचा संचालक केलं, ८००० लिव्रचं वेतन लावलं. पण तिथे मन रमलं नाही. १७८२ मध्ये इटलीत परतला. बासानोच्या छापखान्यात बसून प्रकाशशास्त्र आणि खगोलावरचे पाच खंड स्वतः तपासले. ते १७८५ मध्ये निघाले. ज्या मिलानच्या ब्रेरा वेधशाळेचा आराखडा त्याने केला होता आणि जिथून भांडून बाहेर पडावं लागलं होतं, तिथेच शेवटी राहायला आला. मग मन फिरलं. आपलं काम लोक विसरले, आपल्यात चुका निघतील, ही भीती. १३ फेब्रुवारी १७८७ ला गेला.

कट्टेकरी
:(

निवृत्त_मास्तर
एक छोटा प्रयोग करून आलो. वरच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी माझ्याकडे गणिताला येते. तिला १२, ६ आणि ९ चं कोडं घातलं. आधी म्हणाली, चेंडू थोडा दबत असेल. म्हटलं, दबत नाही, एकदम टणक. पाच मिनिटं पेन्सिल चावली. मग म्हणाली, "मग टेकायच्या आधीच हळू व्हायला लागत असेल."

मी काहीच बोललो नाही. तिनेच टेबलावर हात ठेवला आणि विचारलं, "आजोबा, मग आत्ता मी टेबलाला हात लावलाय की नाही?"

तिरकस
काय सांगितलंत?

निवृत्त_मास्तर
सांगितलं, उद्या सांगतो. आज १७६३ ची आवृत्ती काढून बसलोय.

हिंगणघाटकर
मास्तर, चिंचा फेब्रुवारीत. मुलीलाही आणा.